कागदाचे फूल आणि वस्तूंचा खरेपणा

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला की आपल्या ख्रिस्ती घरांत कात्री, कागद आणि खळ यांचा कारभार सुरू होतो. ओटीवर बांबूच्या कामट्या तासल्या जातात, पतंगी कागदाचे ताव उलगडतात, खळीच्या वाटीत चिमूटभर मोरचूद पडते, म्हणजे झुरळे ताऱ्याला तोंड लावीत नाहीत. क्रेप कागदाच्या पाकळ्या पेन्सिलीवर गुंडाळून त्यांच्या कडा वळवायच्या, तारेवर हिरवी पट्टी पिळून देठ करायचा, मेणबत्त्यांची उरलेली थोटके वितळवून त्या मेणात फूल क्षणभर बुडवून काढायचे, म्हणजे त्यावर ओलसर तजेला येतो. ही विद्या कोणी पुस्तकातून शिकलेले नाही. आईकडून मुलीकडे, आत्याकडून भाचीकडे ती चालत आली आहे.

आणि तरीही या विद्येकडे पाहताना एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. वसईसारख्या ज्या मुलखातून पहाटेच्या गाडीने मोगऱ्याच्या आणि सोनचाफ्याच्या टोपल्या दादरच्या फूलबाजाराला जातात, ज्या वाडीत जास्वंद आणि तगर कुंपणाला टेकून फुललेली असते, तेथील माणसाने कागदाचे फूल करावे कशासाठी? जेथे बर्फाने बाग झाकली जाते तेथल्या माणसाला निमित्त तरी आहे. आपल्याकडे नाताळच्या दिवसांतही फुलांना तोटा नसतो. मग देवाने जे इतके सढळ हाताने दिले त्याची नक्कल करण्यात आपण नेमके काय साधतो? हा खेळ आहे, हौस आहे, की सौम्य स्वरूपाचे का होईना, पण खोटे आहे?

आपल्या भाषेचा कल पाहिला तर तिने निकाल देऊन टाकला आहे असेच वाटेल. देवघरापासून लग्नमंडपापर्यंत शोभा आणणारी ती चकचकीत बेगड. पण माणसाला 'बेगडी' म्हटले की त्याची अब्रूच गेली. कागदावर कामे लिहिली जातात, हिशेब होतात, प्रार्थनापुस्तके छापली जातात; पण नुसती कागदपत्रे फिरवून काम झाल्याचे भासवणाऱ्याला आपण कागदी घोडे नाचवणारा म्हणतो. 'कृत्रिम' या शब्दाचे तर याहून वाईट झाले. मूळ संस्कृतात तो शब्द निर्दोष आहे. करण्यातून जे निपजले ते कृत्रिम, एवढाच त्याचा अर्थ. आज 'कृत्रिम हास्य' म्हटले की आपण सावध होतो. हाताने केलेली गोष्ट आणि खोटी गोष्ट या दोहोंत भाषेने कधीतरी गल्लत केली, आणि ती गल्लत आपल्या विचारातही उतरली आहे, असे आम्हांला वाटते.

शलमोन राजाविषयी एक जुनी दंतकथा सांगतात. ती पवित्र शास्त्रात नाही, लोकांच्या तोंडी वाढलेली आहे. शबाच्या राणीने राजाची परीक्षा घेण्यासाठी एका हातात खरी फुले आणि दुसऱ्या हातात हुबेहूब घडवलेली फुले धरली आणि दुरूनच खरी कोणती ते ओळखायला सांगितले. राजाने खिडकी उघडायला लावली. बाहेरून मधमाशी आत आली आणि खऱ्या फुलावर जाऊन बसली. कथा ऐकणारा राजाच्या चातुर्यावर खूश होतो, आणि ते योग्यच आहे. पण कथेतून निघणारा निष्कर्ष मात्र घाईने काढू नये. मधमाशीला फुलातून मध हवा असतो. तिच्या दृष्टीने कागदाचे फूल निरर्थक आहे, तसे सोन्याचेही निरर्थक आहे, आणि चर्चच्या रंगीत काचेवर रेखलेले लिलीचे फूलही निरर्थकच आहे. माणसाला फुलातून काय हवे असते, हा प्रश्न मधमाशीने सोडवण्यासारखा नव्हे.

पवित्र शास्त्र उघडले तर तेथे याच शलमोनाने बांधलेल्या मंदिराचे वर्णन आहे, आणि ते कृत्रिम फुलांनी भरलेले आहे. भिंतींवर उमललेली फुले कोरलेली, खांबांचे माथे कमळाच्या घाटाचे. त्याच्याही आधी, निर्गमाच्या पुस्तकात, रानावनातून चाललेल्या लोकांना परमेश्वर निवासमंडप उभारण्याची आज्ञा करतो तेव्हा दीपवृक्षाच्या शाखांवर बदामाच्या फुलांसारख्या वाट्या, बोंडे आणि पाकळ्या असाव्यात असे बारकाईने सांगतो. याजकाच्या झग्याच्या घेरावर निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबे लावायची होती. लक्षात घ्या, कोणतीही प्रतिमा करून तिची पूजा करू नका ही आज्ञा त्याच पुस्तकात अवघ्या काही पाने अगोदर आली आहे. तिच्या पाठोपाठ सोन्याची फुले आणि सुताची डाळिंबे यावीत यात कोणालाही विसंगती वाटली नाही. हे काम करणाऱ्या बसालेलाला तर देवाच्या आत्म्याने भरले होते असे सांगितले आहे, आणि सूत कातणाऱ्या बायकांची नोंदही आवर्जून केलेली आहे.

तेव्हा फूल करणे हे मुळात पाप नव्हे. पण खोटे नव्हे असे म्हणण्यासाठी थोडा विचार करावा लागतो, आणि तो आपल्यासाठी संत ऑगस्टीन यांनी करून ठेवला आहे. त्यांच्यापुढे प्रश्न फुलांचा नव्हता. तो अम्माऊसच्या वाटेचा होता. पुनरुत्थित प्रभू दोघा शिष्यांबरोबर गावाजवळ आला तेव्हा त्याने आपण पुढे जात आहोत असे दाखवले, असे लूक लिहितो. प्रभूने असे दाखवावे, हे असत्य नव्हे काय? ऑगस्टीन यांचे उत्तर थोडक्यात असे: आपण जे जे कल्पून दाखवतो ते सगळेच असत्य नसते. ज्या दाखवण्याला काहीच अर्थ नाही ते असत्य. जे दाखवणे एखाद्या अर्थाकडे बोट दाखवते ते सत्याचेच एक रूप. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात ढोंगाविषयी लिहिताना याच उत्तराचा आधार घेतला.

हा विचार कागदाच्या फुलाला लावून पाहावा. गोठ्याच्या कमानीवर लावलेला कागदी गुलाब पाहून आजवर कोणी फसलेले नाही. लहान मूलही त्याचा वास घ्यायला नाक पुढे करत नाही. तो गुलाब 'मी गुलाब आहे' असे म्हणतच नाही. तो म्हणतो, या घरात कोणाची तरी वाट पाहिली जात आहे आणि त्यासाठी कोणीतरी रात्री जागले आहे. त्याच्या वळवलेल्या पाकळीवर बोटांचा ठसा असतो, आणि फसवू पाहणारी वस्तू नेमका तोच ठसा पुसण्याचा प्रयत्न करते.

येथे प्लॅस्टिकच्या फुलाकडे वळणे भाग आहे. ते कागदाच्या फुलाचे सुधारलेले भावंड आहे असे मानले जाते. आमचे मत वेगळे आहे. प्लॅस्टिकचे फूल जवळून पाहिल्याखेरीज ओळखू येऊ नये याच हेतूने घडवलेले असते. त्याच्या पाकळीवर दवबिंदूसुद्धा डकवलेला असतो. त्याचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो तो हा की ते कोमेजत नाही, पुसले की पुन्हा नवे. ज्या वाड्यांतून फुले दादरला जातात त्या वाडीवाल्यांना या गुणाची किंमत कळते. बाजारात त्यांच्या टोपलीशेजारीच ही न कोमेजणारी फुले टांगलेली असतात, आणि त्यांच्यावर बंदी घालावी अशी मागणी फूलउत्पादक गेली काही वर्षे करीत आहेत. पण पोटापाण्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी न कोमेजणे हा फुलाचा गुण आहे काय, हे पाहिले पाहिजे.

दफनभूमीत या प्रश्नाला धार येते. २ नोव्हेंबरला, मृत भक्तजनांच्या स्मृतिदिनी, आपण आप्तांच्या कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. आठवड्याभरात फुले सुकतात, आणि कबर पुन्हा उघडी दिसू लागते. ते उघडेपण बोलके असते. जाणाऱ्या-येणाऱ्याला ते सांगते की इकडे कोणी येऊन गेल्याला दिवस झाले. आता पुष्कळ कबरींवर प्लॅस्टिकचे चक्र बसवलेले दिसते. ते पावसाळ्यातही तसेच असते, उन्हाने रंग उडाला तरी आकार धरून असते. ते मृताच्या सन्मानासाठी ठेवले आहे असे ठेवणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटते. दूरदेशी नोकरीला गेलेल्या मुलाला दुसरा मार्ग नसतो, हेही आम्ही जाणतो. परंतु बसने तासाभरात येऊ शकणाऱ्या घराने जेव्हा तेच चक्र ठेवलेले असते, तेव्हा ते फूल कशाकडे बोट दाखवते? पुन्हा यावे लागू नये याची ती तजवीज असते. ऑगस्टीन यांची कसोटी लावली तर खोटेपणा शोधायला येथे यावे लागते. कागदाचे फूल कबरीवर एका पावसातच लगदा होऊन जाते, म्हणून ते तेथे कोणी ठेवीत नाही, आणि त्यामुळे त्या जागी खोटे बोलण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

वेदीचे काय? या बाबतीत ख्रिस्तसभेचे धोरण स्पष्ट आहे, जरी ते फारसे वाचले जात नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात पवित्र कलेत डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्य असावे असे सांगितले. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत पुढे चर्चच्या सजावटीची निवड करताना वस्तूंच्या खरेपणाची काळजी घ्यावी असे म्हटले आहे. हा 'वस्तूंचा खरेपणा' फार मोलाचा शब्दप्रयोग आहे असे आम्ही मानतो. त्याच सूचनांप्रमाणे फुले वेदीवर न ठेवता वेदीभोवती ठेवावीत. आगमनकाळात ती बेताची असावीत, म्हणजे नाताळचा आनंद वेळेआधी सांडून जात नाही. आणि प्रायश्चित्तकाळात, आनंदाचा चौथा रविवार व मोठे सण सोडले तर, वेदी फुलांवाचून असावी. कागदाच्या वा प्लॅस्टिकच्या फुलांचे नाव त्या सूचनांत नाही. अमेरिकेतील बिशपांनी मात्र २००० साली आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत जिवंत फुले व रोपेच पसंत केली, ती देवाने दिलेल्या जीवनाच्या देणगीची आठवण देतात म्हणून.

आम्ही या मताशी सहमत आहोत. वेदीवर रोज जे घडते ते अर्पण आहे, आणि तेथे शेजारी उभ्या असलेल्या वस्तूने स्वतःही काही अर्पण केलेले असावे. खुडलेले फूल आपले आयुष्य तेथे संपवते. शिवाय त्याला ऋतू कळतो. प्लॅस्टिकच्या फुलाला राखेचा बुधवार कळत नाही. कोणीतरी आठवणीने ते कपाटात टाकेपर्यंत ते उपवासातही हसत उभे असते. कागदाच्या फुलाची जागा, आमच्या मते, वेदीजवळ नसून गोठ्यात, ओटीवर, मंडपात, क्रुसाच्या सणाच्या पताकांमध्ये आहे. तेथे ते पाहुणे नव्हे, घरचे आहे. हा नियम आम्ही काटेकोर मात्र करणार नाही. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गातील मुलांनी स्वहस्ते केलेली वेडीवाकडी फुले धर्मगुरूंनी त्या एका दिवशी वेदीच्या पायरीशी ठेवून घेतली, तर वस्तूंचा खरेपणा तेथे उणा पडत नाही.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात शेवटी एक प्रसंग आहे. दावीद राजाला वेदी बांधायची असते. अरवना यबूसी आपले खळे, बैल, अवजारे, सगळे राजाला फुकट द्यायला तयार होतो. राजा ते नाकारतो. ज्याला मला काही पडले नाही ते मी देवाला वाहणार नाही, या आशयाचे बोलतो आणि खळे व बैल ५० शेकेल चांदी मोजून घेतो. फुलांच्या बाबतीत ही किंमत पैशात मोजण्याची चूक करू नये. फुलवाल्याकडून आणलेली महागडी परडी दात्याला कधीकधी काहीच पडलेली नसते, आणि कागदाचे चार ताव कोणाच्या तरी चार रात्री घेऊन जातात. आमच्या माहितीतल्या एका धर्मग्रामात गोठ्यासाठी वर्षानुवर्षे कागदाची फुले करणाऱ्या एका वृद्धेला, आता तयार फुले आणली आहेत, तुम्ही त्रास घेऊ नका, असे आदराने कळवण्यात आले. हेतू चांगला होता. त्या बाईंनी नंतर एवढेच विचारले की मग त्रास कोणी घेतला. प्रश्न विचारताना त्या हसत होत्या असे म्हणतात.

ती किंमत फक्त वेळेची असते असेही नाही. फूल करणाऱ्याला ते आधी पाहावे लागते, आणि पाहणे वाटते तितके सोपे नाही. घरातल्या मुलाला जास्वंद काढायला सांगा, तो पाच गोल काढून मध्ये ठिपका देईल. तीच जास्वंद कागदाची करायला बसवा. पाकळ्या पाचच, पण एकीची कड दुसरीवर चढलेली आहे, हे त्याला फूल हातात घेतल्यावर कळेल. मधला लांब दांडा पोकळ आहे, त्याच्यावर परागाचे बारीक मणी आहेत, आणि अगदी टोकाला पाच चिमुकली मखमली टोके फुटलेली आहेत, हे दारची जास्वंद आयुष्यभर तोडणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. सोनचाफ्याच्या पाकळ्या तर मोजायला बसले की दर फुलाचा हिशेब वेगळा निघतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने रानातली फुले नीट पाहायला सांगितले. आपण त्या वचनातून चिंता न करण्याचा धडा घेतो आणि पाहण्याची आज्ञा मात्र सोडून देतो.

पाहण्याचे सामर्थ्य किती असते याचे एक उदाहरण इंग्लंडात आहे. मेरी डिलेनी या १७०० साली जन्मलेल्या बाईंनी, पतीच्या निधनानंतर, वयाच्या ७२ व्या वर्षी रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून फुले करायला सुरुवात केली. एकेका फुलात कधी शेकडो तुकडे असत. पुढच्या दहा वर्षांत, दृष्टी साथ देईपर्यंत, त्यांनी ९८५ फुले केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुंकेसर किती आणि पानाची शीर कशी हे त्यांत इतके चोख आहे की वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्यांनी त्यांची वाखाणणी केली. दुःखात असलेल्या एका म्हाताऱ्या बाईचा विरंगुळा एवढ्यावर त्याची बोळवण करणे आम्हांला अयोग्य वाटते. देवाच्या कामाकडे दहा वर्षे इतक्या जवळून पाहत बसणे याला दुसरे नाव आहे, आणि ते आपल्या मठवासी बंधुभगिनींना माहीत आहे.

मठांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगावे. सतराव्या-अठराव्या शतकात फ्रान्स आणि इटलीतील धर्मभगिनी संतांच्या अवशेषांच्या पेट्या कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून सजवीत. पट्टीची कड सोनेरी असे, त्यामुळे गुंडाळीवर गुंडाळी बसली की सोन्याच्या तारकामाचा भास होई. खरे सोने परवडणारे नव्हते. ही नक्कल गरिबीतून आली होती, आणि गरिबीतून आलेल्या नकलेत ढोंग नसते.

इथवर आम्ही कागदाच्या फुलाची वकिली केली. आता दुसरी बाजू, जी आम्हांला अधिक अस्वस्थ करते.

घरी केलेले ते निष्पाप, ही समजूत इतिहासाला मान्य नाही. १८६१ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये मॅटिल्डा शॉयरर नावाची १९ वर्षांची मुलगी मरण पावली. ती स्त्रियांच्या केशभूषेसाठी लागणारी कृत्रिम फुले करण्याच्या कामावर होती. पानांवर हिरवी पूड भुरभुरण्याचे काम तिच्याकडे होते, आणि त्या हिरव्या रंगात सोमल होता. ज्या समारंभांत ती पाने मिरवली गेली तेथे तिचे नाव कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींतून हेच काम स्वयंपाकघराच्या टेबलावर चाले. त्यांत इटलीहून आलेली, म्हणजे बहुतांशी आपल्याच श्रद्धेची, कुटुंबे मोठ्या संख्येने होती. आई, आजी आणि शाळेतून आलेली लहान मुले दिवाभर वाकून पाकळ्या जोडीत, आणि पैसे मिळत ते १४४ फुलांच्या ग्रोसमागे सेंटांच्या हिशेबाने. लुईस हाइन यांनी त्या टेबलांची छायाचित्रे घेतली. मेरी व्हॅन क्लीक यांनी १९१३ साली या कामगार स्त्रियांवर पुस्तक लिहिले. त्या छायाचित्रांतील दृश्य आपल्या ओटीवरच्या दृश्यासारखेच आहे: एक टेबल, कागदाचे ढीग, सगळे घर एकत्र. फरक एवढाच की त्या मुलांना उठून जाण्याची मुभा नव्हती.

म्हणजे फुलाच्या खरेपणाचा प्रश्न फुलापाशी संपत नाही. तो हातांपाशी जातो. दहा रुपयांना मिळणारी चकचकीत माळ आपण नाताळच्या आधी घेतो तेव्हा ती इतकी स्वस्त कशी, हे आपण विचारत नाही. आणि आपल्या घरातल्या टेबलाकडे तरी आपण नीट पाहतो का? 'हौस' हा शब्द मोठा सोयीचा आहे. शाळेने मुलाला कागदकाम सांगायचे, मुलाने ते रात्री नऊ वाजता आठवायचे, आणि आईने अकरापर्यंत बसून ते पुरे करायचे, याला कोणाची हौस म्हणावे? मुलाने ते फूल पाहिलेले नाही, केलेले नाही, आणि सकाळी ते आपले म्हणून तो शाळेत नेणार आहे. आमच्या मते या सबंध लेखात आलेल्या फुलांपैकी निःसंशय खोटे म्हणावे असे फूल हेच. सणाच्या तयारीत घरातील पुरुषमंडळी तारा टांगण्याच्या शिडीवर चढतात आणि छायाचित्रात दिसतात. त्याआधीचे पंधरा दिवस छायाचित्रात येत नाहीत. कागदाचे फूल चांगले की वाईट हे ठरवण्याआधी टेबलाभोवती कोणकोण बसले होते आणि कोण केव्हा उठू शकत होते, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होईल.

सगळे मिळून बसले तर काय होऊ शकते याचे नमुने पोर्तुगालात पाहायला मिळतात, आणि १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईचा त्या देशाशी आलेला संबंध पाहता ते आपल्याला अगदीच परके नाहीत. स्पेनच्या सीमेजवळ कांपू मायोर नावाचे गाव आहे. तेथे गल्ल्याच्या गल्ल्या कागदी फुलांनी छपरासारख्या झाकण्याचा उत्सव होतो. प्रत्येक गल्लीतले लोक महिनोन्‌महिने रात्री जमून फुले करतात आणि आपला बेत शेजारच्या गल्लीपासून लपवून ठेवतात. गंमत म्हणजे या उत्सवाला ठरलेले साल नाही. लोकांना वाटेल तेव्हा तो होतो, न वाटले तर वर्षानुवर्षे होत नाही. २०११ नंतर २०१५ साली तो झाला होता. युनेस्कोने २०२१ साली या उत्सवाची मानवी वारशाच्या यादीत नोंद केली. पाऊस आला तर सारे काम एका तासात जाते, हे ठाऊक असूनच ते केले जाते. न कोमेजण्याची हाव तेथे नाही.

दुसरे गाव तोमार. तेथे दर चार वर्षांनी, अलीकडे २०२३ साली, पवित्र आत्म्याच्या नावाने एक मिरवणूक निघते. मुली आपल्या उंचीइतका मनोरा डोक्यावर घेऊन चालतात. मनोऱ्यात ३० पाव कामट्यांत ओवलेले असतात (पाव हा शब्दही आपण तिकडूनच घेतला), पावांच्या मधूनमधून कागदाची फुले आणि गव्हाच्या लोंब्या, माथ्यावर कबुतर किंवा क्रूस. लोक या प्रथेचा संबंध राणी संत इसाबेल हिच्याशी जोडतात. ही इसाबेल १३३६ साली वारली. तिची कथा अशी सांगतात की ती गरिबांसाठी पदरात पाव लपवून नेत होती, राजाने अडवून विचारले, काय आहे? ती म्हणाली, गुलाब आहेत. भर हिवाळ्यात गुलाब कोठले, म्हणून राजाने पदर उघडायला लावला, तर खरोखर गुलाबच निघाले. हीच कथा तिच्या आजीच्या पिढीतील हंगेरीच्या संत एलिझाबेथविषयीही सांगतात. राणी खोटे बोलली काय, यावर ऑगस्टीन आणि थॉमस यांचे काय मत पडले असते याचा तर्क वाचकांनीच करावा. तोमारच्या मुली मात्र आज पाव आणि फुले दोन्ही उघड्यावर नेतात. रविवारी मिरवणूक होते, गावभर गर्दी लोटते, आणि सोमवारी पाव, मांस व द्राक्षारस गरजू घरांत वाटला जातो.